स्वस्त रायफलीची गोळी : तीन छिद्रांचा पुरावा मला मान्य नाही

ओहायोचा सांगलीकर :

'टेक्सासवासी' यांनी गेल्या आठवड्यात येथे लिहिले होते की त्यांनी नव्या, अगदी कमी किमतीच्या ०.२२ (इंच व्यासाच्या गोळीच्या) बोल्ट रायफलीतून ५० यार्डांवर चार प्रकारच्या गोळ्यांचे प्रत्येकी तीन बार काढले, त्यांत घाऊक डब्यातल्या गोळीचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, सर्वांत लहान, अर्ध्या इंचाचा आला, आणि म्हणून 'स्वस्त रायफलीला मॅचची (स्पर्धेसाठीची महाग) गोळी घालणे म्हणजे बैलगाडीत विमानाचे इंधन ओतणे होय'. त्या लेखाखाली अनेकांनी माना डोलावल्या. मला मात्र चार दिवस राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तीन बारांवरून गोळीची परीक्षा होत नाही. रायफल आणि गोळी तीच ठेवली, तरी तीन बारांचा ग्रुप सरासरीने दहा बारांच्या ग्रुपच्या ६३ टक्क्यांच्या आसपासच भरतो, आणि ही झाली सरासरी. एकेक ग्रुप घेतला तर तो कुठेही भरकटतो. ऑक्टोबरमध्ये मी एकाच खोक्यातल्या ५० गोळ्या वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून पाच-पाचच्या दहा ग्रुपमध्ये मारल्या. सर्वांत लहान ग्रुप ०.३८ इंचाचा होता आणि सर्वांत मोठा ०.९४ इंचाचा. गोळी, रायफल, सकाळ आणि माणूस यांतले काहीही बदलले नव्हते. पहिला ग्रुप पाहून थांबलो असतो तर ती गोळी मी डोक्यावर घेतली असती, आणि सातवा पाहून थांबलो असतो तर उरलेला खोका कुणाला तरी देऊन टाकला असता.

दुसरे म्हणजे, रायफल स्वस्त आहे म्हणून गोळीची पारख करू नये हा तर्कच उलटा आहे. महाग रायफलीचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, घट्ट आणि नळी काळजीपूर्वक घासलेली असते, त्यामुळे चांगली गोळी तिच्यात चांगली चालेल असा अंदाज तरी बांधता येतो. स्वस्त रायफलीचे चेंबर बाजारातली कोणतीही गोळी अडकू नये इतके सैल कापलेले असते, आणि एकाच दिवशी एकाच यंत्रावर निघालेल्या दोन नळ्यांचीही आवड वेगळी निघते. तिथे अंदाज उपयोगी पडत नाही, मारूनच पाहावे लागते. शिवाय नळी, चाप किंवा दस्ता बदलायचा तर रायफलीइतकाच खर्च येतो. कानस हातात न घेता जी एकच गोष्ट आपल्याला बदलता येते, ती म्हणजे गोळी.

टेक्सासवासी :

माझ्या लेखाची एवढी दखल घेतल्याबद्दल आभारी आहे, परंतु मला सांख्यिकी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. तीन बार कमी असतात हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही सांगता तशी प्रत्येक प्रकाराची ५० गोळ्यांची चाचणी घ्यायची तर चार प्रकारांच्या २०० गोळ्या लागतील, आणि त्यांतल्या दोन खोक्यांची किंमत पाहिली तर माझ्या रायफलीच्या किमतीचा मोठा वाटा केवळ चाचणीत जाईल. तेवढ्या पैशांत घाऊक गोळीचे डबेच्या डबे येतात. ते झाडून माझा हात जितका सुधारेल, तितका फरक कोणत्याही खोक्यातून मिळणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मी घाऊक डबे का घेतो, तेही सांगतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून ०.२२ ची गोळी अक्षरशः नाहीशी झाली होती. मी पहाटे दुकान उघडण्यापूर्वी रांगेत उभा राहत असे आणि माणशी एक खोका मिळाला तरी समाधान मानत असे. तेव्हापासून मिळेल तेव्हा आणि मिळेल ती गोळी साठवणे हाच माझा नियम आहे. मी ३० यार्डांवर खारी मारतो, स्पर्धेत उतरत नाही. खारीच्या डोक्याला दोन दशांश इंचाचा फरक कळत नाही.

करवीरचा नेमबाज :

आपण दोघेही ज्या गोष्टीवर वाद घालत आहात, तो वाद घालायची संधी मिळावी म्हणून आमच्याकडे खेळाडू वर्षानुवर्षे वाट पाहतात, हे आधी सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोळीने फरक पडत नाही, हे विधान मी कोल्हापुरात कोणत्याही प्रोन (पालथे पडून नेम धरणाऱ्या) नेमबाजासमोर करणार नाही. ५० मीटरच्या टारगेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळी सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास वेगाने जात असेल, तर त्या अंतरावर ती साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एका खोक्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर त्यांची छिद्रे वर-खाली सुमारे ८ मिलिमीटरने सरकतात, आणि १०० मीटरवर तोच फरक तीस मिलिमीटरच्या पुढे जातो. स्वस्त गोळीत असा फरक पडण्याचे कारण तिच्या बुडात आहे. रिमच्या, म्हणजे बुडाच्या कडेच्या, पोकळीत दारू पेटवणारे ओले स्फोटक फिरवून पसरवतात. ते सर्वत्र सारखे पसरले नाही, तर पिन कुठे आपटली यावरही दारूचे पेटणे अवलंबून राहते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले तेव्हा साठ बारांत ६०० पैकी ५९७ गुण घेतले होते, म्हणजे साऱ्या स्पर्धेत फक्त तीन गुण गेले. त्या पातळीवर गोळीने स्वतःहून एक गुण घालवणे कुणालाही परवडत नाही.

म्हणूनच मोठे खेळाडू जर्मनीत श्योनेबेकला जातात, जिथे लापुआ आणि एसके या दोन्ही गोळ्या तयार होतात. तिथे खेळाडूची नळी चौकटीत आवळून वेगवेगळे लॉट, म्हणजे एकेका वेळी तयार झालेल्या गोळ्यांचे गट, मारतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल तोच तो विकत घेतो. जिल्हा पातळीवरच्या आमच्या मुलांना मात्र आयात झालेली जी गोळी वाट्याला येईल तीच घ्यावी लागते. मला दोन वर्षांत चार निरनिराळे लॉट मिळाले. पहिल्यावर हात बसला, दुसऱ्याने माझे गुण सहाने खाली आणले, आणि दोष माझ्या श्वासाचा आहे असे समजून मी तीन महिने चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेतली. परवाना, कोटा, आयात आणि वाटप या सगळ्यांतून गोळी हातात पडेपर्यंत तिचा लॉट कोणता, हे विचारायचे भानही उरत नाही.

जुना कॅडेट :

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मूळ मुद्दाच सर्वांच्या नजरेतून सुटला आहे. दोन प्रकारच्या गोळ्यांच्या मध्ये नळी पुसली होती का? एनसीसीत आम्ही ०.२२ डीलक्स रायफल २५ यार्डांवर चालवत असू, आणि आमचे हवालदारसाहेब बार संपल्याबरोबर पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी बांधून नळी ओढायला लावत. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत जेवणाची रांग धरता येत नसे. घाणेरड्या नळीतून चार प्रकारच्या गोळ्या एकापाठोपाठ मारायच्या आणि त्यांची तुलना करायची, ही परीक्षाच नव्हे. माझ्या मते दोघांच्याही चाचण्या बाद आहेत.

ओहायोचा सांगलीकर :

कॅडेटकाका, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की ०.२२ च्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. ही गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीससारखा लेप असतो. पहिले पंधरा-वीस बार नळीत त्या लेपाचा थर बसवण्यात जातात आणि तो बसला की ग्रुप स्थिरावतो. तुम्ही प्रत्येक प्रकारानंतर नळी पांढरी केली, तर प्रत्येक गोळीची परीक्षा तिच्या सर्वांत वाईट अवस्थेत होईल. न पुसता थेट गोळी बदलली तर आधीच्या गोळीचा लेप नव्या गोळीला छळतो, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे नव्या गोळीचे पहिले वीस बार हिशेबात न धरणे. टेक्सासवासींच्या चाचणीत प्रत्येक गोळीला मुळात तीनच बार मिळाले. म्हणजे त्यांनी शेवटच्या तीन प्रकारांची नव्हे, तर आधीच्या गोळीच्या लेपाची परीक्षा घेतली.

जुना कॅडेट :

चाळीस वर्षे मी शस्त्र हाताळले आहे आणि माझ्या एकाही रायफलीच्या नळीत गंजाचा ठिपका सापडणार नाही. आजकाल चार चित्रफिती पाहून शस्त्र अस्वच्छ ठेवण्याचे समर्थन केले जाते आणि त्याला शास्त्र म्हटले जाते, याचे मला मनापासून दुःख होते. स्वच्छता ही शिस्त आहे. जो नळी पुसत नाही तो उद्या चेंबरमध्ये गोळी राहिली आहे का, हेही पाहणार नाही.

ओहायोचा सांगलीकर :

हा आरोप मला अजिबात मान्य नाही आणि तो आपण मागे घ्यावा. रेंजवर बोल्ट उघडा ठेवणे आणि चेंबर बोटाने चाचपून पाहणे यांत माझ्याकडून एकदाही कसूर झालेली नाही. नळी किती वेळा पुसावी आणि शस्त्र सुरक्षित कसे ठेवावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुन्या काळच्या काडतुसांतले रसायन नळीत क्षार सोडत असे आणि एका रात्रीत गंज धरत असे, म्हणून सैन्यात ती शिस्त आली, आणि त्या काळी ती योग्यच होती. आजच्या ०.२२ मध्ये ते रसायन राहिलेले नाही.

करवीरचा नेमबाज :

पुसण्यावरून माझी एक रायफल गेली आहे, म्हणून मध्ये बोलतो. उत्साहाच्या भरात मी जोडसळई मझलकडून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाकडून, आत घालून रोज नळी घासत असे. वर्षभरात नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजली आणि कोणतीही गोळी घातली तरी ग्रुप उजवीकडे फाटू लागला. तो दोष शोधायला आम्हाला पूर्ण हंगाम लागला. दुसऱ्या बाजूने हेही सांगतो की चेंबरच्या पुढे, काडतुसाचे तोंड संपते तिथे, काजळीचे कडक कडे बसते आणि काही हजार बारांनंतर ते काढावेच लागते. म्हणून मी चेंबर नेमाने पुसतो आणि उरलेल्या नळीला ग्रुप बिघडल्याशिवाय हात लावत नाही. कॅडेटकाका, पुल-थ्रू मागून आत सोडून पुढे ओढतात, त्यामुळे दोरी सरळ ओढली असेल तर आपल्या हवालदारसाहेबांची पद्धत निदान कड झिजवणारी नव्हती.

जुना कॅडेट :

सुरक्षिततेविषयीचे वाक्य मी रागात लिहिले होते, ते मागे घेतो. बाकीचे मत कायम आहे. येत्या रविवारी स्वतः मारून पाहीन.

टेक्सासवासी :

तुमच्या पुसण्याच्या वादात माझा मूळ प्रश्न बाजूला पडला, तेवढ्या वेळात मी रेंजवर जाऊन आलो. त्याच चार गोळ्या घेतल्या, प्रत्येक प्रकाराचे पहिले १५ बार मातीच्या बांधावर घालवले आणि मग पाच-पाचचे सहा ग्रुप मारले. माझ्या थकव्याचा भार एकाच गोळीवर पडू नये म्हणून दोन दिवस लावले आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा ठेवला. घाऊक गोळीची सरासरी १.१ इंच आली. अर्धा इंच पुन्हा एकदाही दिसला नाही. वेगवान मुलाम्याची गोळी जवळपास तिच्याच पंगतीत बसली. सर्वांत महाग गोळीची सरासरी ०.६२ इंच आली. मात्र तिच्या निम्म्याहूनही कमी किमतीची, ४० ग्रेन वजनाची साधी स्टँडर्ड व्हेलॉसिटी (ध्वनीपेक्षा कमी वेगाची) गोळी ०.६० इंचावर राहिली.

तेव्हा तीन बारांवरून मी चुकीची गोळी निवडली होती, एवढे मी मान्य करतो. परंतु महाग गोळीने माझ्या रायफलीचे काहीही भले केले नाही, हे तुम्हालाही मान्य करावे लागेल.

ओहायोचा सांगलीकर :

मान्य आहे. महागच गोळी घ्या असे मी म्हटले नव्हते, तरी माझ्या लेखाचा सूर तसा झुकला होता, हेही खरे. तुमचा ०.६० आणि ०.६२ मधला फरक तीस बारांत सिद्ध होणारा नाही, त्या दोन्ही गोळ्या तुमच्या रायफलीत सारख्याच समजा आणि स्वस्त आहे ती घ्या. वेगवान गोळी मागे पडली याचे मला नवल वाटत नाही. ती ध्वनीपेक्षा जास्त वेगाने निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डळमळते. जानेवारीत मात्र सावध राहा. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, तो शून्य अंशाला ३३१ वर येतो, आणि तुमची लाडकी साधी गोळी ३२६ च्या आसपास निघते, म्हणजे थंडीत तीही त्या डळमळीच्या सीमेजवळ येते. शिवाय थंडीत मेण कडक होते. हिवाळ्यात हीच चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय मी या आकड्यांवर विसंबणार नाही.

जुना कॅडेट :

रविवारी मारले. नळी पूर्ण पुसून सुरुवात केली. पहिले आठ बार ग्रुपच्या बाहेर, डावीकडे वर गेले, पुढचे बारा हळूहळू जवळ आले आणि त्यानंतरचे पंचवीस एका नाण्याखाली झाकता आले. मला हे आवडलेले नाही, पण कागद माझ्यासमोर आहे. तुलनेच्या दिवशी मध्ये नळी पुसणार नाही. घरी परतल्यावर मात्र तेलाची चिंधी फिरवीन, आणि ती सवय मोडण्याचा सल्ला मला कुणी देऊ नये.

करवीरचा नेमबाज :

टेक्सासवासी, एक विनंती आहे. त्या स्वस्त गोळीच्या खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असेल, तो आजच लिहून ठेवा आणि त्याच क्रमांकाची पूर्ण पेटी मिळत असेल तर उशीर न करता घ्या. तुम्ही ०.६० इंच मोजले ते त्या लॉटचे आहे. त्याच नावाच्या पुढच्या लॉटने तेवढेच द्यावे, असे कुठेही लिहिलेले नाही. तुमच्या दुकानात क्रमांक पाहून खोका उचलता येतो, ही किती मोठी सोय आहे याची कल्पना तुम्हाला कदाचित नसेल.

टेक्सासवासी :

काल संध्याकाळीच जाऊन पाहिले. त्या क्रमांकाचे तीनच खोके उरले होते, ते घेतले. बाकीचे सर्व नव्या लॉटचे होते. त्यातलेही दोन घेतले आहेत आणि शनिवारी सकाळी, वारा उठण्यापूर्वी, दोन्ही लॉट शेजारी-शेजारी मारणार आहे.