आधी रीजन कोड, मग डबी

कल्ट, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या, भयपटांच्या ब्लू-रे डिस्कच्या मर्यादित आवृत्त्या परदेशातून मागवण्यात अर्थ आहे का, या प्रश्नावर माझे मत ‘आहे’ असेच आहे. मात्र सुंदर डबीला भुलण्यापूर्वी रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या विभागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारे अक्षर, तपासावा. ब्लू-रेच्या विभागणीत भारत ‘सी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये आणि ब्रिटन ‘बी’मध्ये येतो, त्यामुळे लंडनहून आलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालेलच असे नाही. परभणीत सीमाशुल्क भरून सोडवलेले माझे पहिले पार्सल असेच पडून राहिले. पडद्यावर केवळ एका ओळीची नकारघंटा आली आणि घरच्यांना वर्षभर पुरेल इतका विषय मिळाला. फोरके (4K), म्हणजे ब्लू-रेहून अधिक स्पष्ट चित्राच्या, डिस्कला रीजनचे बंधन नसते, पण तिला प्लेअर वेगळा लागतो.

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) हा हिंदी भयपट आपल्याकडे घासून घासून पांढऱ्या पडलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला गेला, आणि त्याच्याच डीव्हीडीची नीट निगुतीने काढलेली आवृत्ती ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने आणली, ही गोष्ट मला अजूनही थोडी बोचते.

साठवणुकीबाबत एवढेच सांगतो की मराठवाड्यातला मे महिना या वस्तूंचा वैरी आहे. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेल्या एका डबीच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाचा डिंक सुटून कडा पापडासारख्या वळल्या. तेव्हापासून संग्रह आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीलगत, उभा ठेवतो.