मार्था गेलहॉर्न यांच्या चरित्रात हेमिंग्वे यांना किती जागा?

धागाकर्ती:
अमेरिकी युद्धवार्ताहर मार्था गेलहॉर्न यांच्याविषयी काहीही वाचायला घ्यावे, तर पहिल्याच वाक्यात 'अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या तिसऱ्या पत्नी' ही ओळख हटकून येते. हे लग्न १९४० ते १९४५ असे जेमतेम पाच वर्षे टिकले. युद्धवार्तांकन मात्र १९३७च्या स्पेनपासून १९६६च्या व्हिएतनामपर्यंत आणि पुढे, वयाची ऐंशी उलटल्यावर, पनामापर्यंत चालले. हेमिंग्वे भेटण्याआधीच त्यांनी महामंदीत होरपळलेल्या अमेरिकी कुटुंबांची सरकारसाठी पाहणी केली होती आणि त्या अनुभवावर पुस्तकही लिहिले होते. मुलाखतीत हेमिंग्वे यांचा विषय काढायचा नाही, अशी त्यांची अटच असे. ती आपणही पाळावी, असे माझे मत आहे. ('अमुकांच्या सुविद्य पत्नी' ही आपल्याकडची ओळख याच जातीची.)

प्रतिसाद १:
असहमत. अट मुलाखतकारांसाठी होती. चरित्रकारच ती पाळू लागला, तर चरित्र अर्धेमुर्धे राहील. माद्रिदच्या हॉटेल फ्लोरिडात दोघांनी एकाच वेढ्यातून बातम्या पाठवल्या, आणि स्पेनच्या यादवीवरची आपली कादंबरी हेमिंग्वे यांनी त्यांनाच अर्पण केली.

प्रतिसाद २:
नाव गाळायला माझाही विरोध आहे, पण वेगळ्या कारणाने. गेलहॉर्न वर्षानुवर्षे 'कॉलिअर्स' साप्ताहिकासाठी लिहीत असताना १९४४मध्ये हेमिंग्वे यांनी त्यांना मागे सारून त्याच साप्ताहिकाचे प्रतिनिधित्व स्वीकारले. ते विमानाने लंडनला पोहोचले. गेलहॉर्न मात्र डायनामाइट भरलेल्या मालवाहू जहाजातून दोन आठवड्यांहून अधिक काळ प्रवास करत आल्या. फ्रान्समधील नॉर्मंडीवर दोस्त फौजांनी चढाई केली त्या वेळी त्या एका रुग्णालय-जहाजाच्या शौचालयात स्वतःला कोंडून घेऊन पलीकडे गेल्या आणि स्ट्रेचरवाल्यांबरोबर किनाऱ्यावर उतरल्या. हेमिंग्वे यांनी तोच किनारा नावेतून पाहिला. नाव गाळले, तर त्यांनी गेलहॉर्न यांची केलेली अडवणूकच झाकली जाते.

प्रतिसाद ३:
सगळे खापर नवऱ्यावर फोडणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे. आघाडीवर स्त्री-वार्ताहरांना मज्जाव होता तो लष्कराचा. नॉर्मंडीहून परत आल्यावर गेलहॉर्न यांच्यावर कारवाई केली तीही लष्करानेच, आणि त्यानंतर त्या कोणाला न जुमानता इटलीच्या आघाडीवर निघून गेल्या. लष्कराचा हा नियम हेमिंग्वे यांच्या नावाखाली दडून जातो, हे मला अधिक खटकते.

धागाकर्ती:
प्रतिसाद २ आणि ३ वाचून माझा आग्रह थोडा सैल करते. १९४४च्या प्रकरणात हेमिंग्वे यावेत, लष्कराचा नियमही यावा. पहिल्या वाक्यात मात्र नवरा नकोच. त्या वाक्याची सवय किती मुरली आहे, हे क्युबातील हवानाजवळच्या, दोघे राहत असलेल्या फिंका विहिया या घरावरून दिसते. पडीक अवस्थेतले ते घर गेलहॉर्न यांनी शोधून काढले आणि राहण्याजोगे करून घेतले. आज तेथे हेमिंग्वे संग्रहालय आहे.