एकांकिकेसाठी मदत हवी: १९८८ च्या रविवारी दूरदर्शनवर दिवसभर काय असायचं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. एकांकिका लिहितोय. गिरगावातली चाळ, १९८८ मधला एक रविवार, सकाळ ते रात्र. मजल्यावर एकाच घरी टीव्ही आहे. तो प्रेक्षकांना दिसत नाही, फक्त विंगेतून ऐकू येतो, आणि पात्रांची सगळी भांडणं त्या आवाजाच्या अवतीभवती होतात. माझा जन्म १९९६ चा, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना विचारून यादी केली: सकाळी रामायण, दुपारी महाभारत, संध्याकाळी सुरभी, रात्री छायागीत, मध्ये कुठेतरी ‘मिले सुर’. चालेल का? अजून काय घालता येईल?

गच्चीवरचा_अँटेना

अरे, ही तर दहा वर्षांची भेळ झाली. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं. महाभारत २ ऑक्टोबर १९८८ पासून, तेही सकाळीच. ‘मिले सुर’ पहिल्यांदा लागलं १५ ऑगस्ट १९८८ ला. सुरभी नव्वदच्या दशकातली. छायागीत गुरुवारी. आधी महिना ठरव, मग बाकीचं.

कोपऱ्यावरची_खोली

महिना मी सांगते. जून घे. रामायण चालू आहे, पाऊस सुरू झालाय आणि वाऱ्याने अँटेना फिरतोय. एक मुलगा कौलांवर, एक खिडकीत, एक टीव्हीपुढे. “आलं का?” “आलं!” “गेलं!” “परत थोडा वरळीकडे!” एवढ्यावर तुझा पहिला प्रवेश उभा राहतो, कारण केंद्र वरळीला, तेव्हा सगळ्या चाळीचे अँटेने त्याच दिशेला तोंड करून.

आमच्या घरी टीव्ही होता, त्यामुळे रविवारी घर आमचं नसायचं. तेव्हा जरा अधिकाराने बोलते. साडेनऊला रामायण लागायच्या आधी निरमा, विको अशा जाहिरातींची रांग लागायची. त्या वेळात पुढे कोणी बसायचं यावरून जे व्हायचं ते रामायणापेक्षा रंगतदार. टीव्हीला हार घालणारी आजी मात्र घालू नकोस. ती प्रत्येक नाटकात असते.

खरी गंमत दुपारी. दीडच्या सुमाराला प्रादेशिक भाषेतला सिनेमा असायचा, खाली इंग्रजी अक्षरं. एकदा आसामी, एकदा मल्याळम, कधी बंगाली. जेवणं झालेली, चाळ आडवी पडलेली, आणि एका खोलीतून कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बाई रडतेय. आमचे आजोबा मराठी चौथी शिकलेले, इंग्रजीशी संबंध नाही, तरी शेवटपर्यंत बघायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “आता तिचा नवरा येतो का ते बघायचंय.” तुला दुपारच्या प्रवेशाला शीर्षकगीत नको, हा आवाज हवा.

संध्याकाळी हिंदी सिनेमा. तो सलग नसायचा, मध्ये बातम्या यायच्या. नायक कड्यावर लोंबकळतोय आणि समोर प्रदीप भिडे किंवा अनंत भावे. त्या वेळात बायका उठून कुकर लावायच्या, पुरुष खाली विडी ओढायला जायचे आणि मुलं पुढची गोष्ट आपसात ठरवून टाकायची. तुझी महत्त्वाची भांडणं तिथे घाल. सगळी पात्रं एकदम रिकामी सापडतात.

तिसरी_घंटा

ताई, हे भन्नाट आहे! जून पक्का. पण मला त्या एका दिवसात शेतीचा कार्यक्रम, विनोदी ‘गजरा’, लहान मुलांचं किलबिल, असं सगळं हवं होतं. सगळे त्याबद्दलच बोलतात.

कोपऱ्यावरची_खोली

रविवारी कोंबू नकोस. प्रेक्षकांत माझ्यासारख्या बसलेल्या असतील, त्या लगेच कुजबुजतील. त्याऐवजी एक छोटा प्रवेश आठवड्यातल्या संध्याकाळचा लिही. सगळं नको, शेतीचा ‘आमची माती आमची माणसं’ घे. बाकीचे कार्यक्रम लोक आवडीने बघायचे, म्हणून त्यांच्यात नाट्य कमी. हा बघायचे वाट बघत बघत. पुढे काहीतरी हवं असायचं, आणि बंद करून परत चालू करायचा तर आमच्या सेटचं चित्र यायलाच वेळ लागे. मग चालू दे. त्यामुळे सात-बाराशी कधी संबंध न आलेल्या माणसांना द्राक्षावरची भुरी, कपाशीवरची बोंडअळी आणि बोर्डो मिश्रणात मोरचूद किती घालायचं हे पाठ. आमचे वडील बँकेत कारकून. गॅलरीत तुळशीची कुंडी, एवढीच काय ती शेती. तिच्यावर मावा पडला तेव्हा ते शेजाऱ्यांना फवारणीवर असं व्याख्यान देत होते की आईने डोक्याला हात लावला.

मी लोकांच्या त्या आठवणींच्या याद्या वाचते ना, त्यात सगळे आपापले आवडते कार्यक्रम सांगतात. मला आठवतात ते नको असलेले. माझ्यासाठी नसलेला कार्यक्रम रोज कुठला ना कुठला बघावाच लागायचा, आणि माझ्यासाठी असलेला बाकीच्यांनी बघितलेला असायचा. किलबिल लागलं की आजोबाही पुढे सरकायचे.

खाडिलकर_रोड

गुजराती कार्यक्रम विसरलात! मुंबई केंद्रावर आठवड्यात गुजरातीही असायचं, मुलांसाठी ‘संताकुकडी’ होतं. आमच्या माळ्यावर दोन कुटुंबं गुजराती, एरवी ती मागे बसायची. त्या संध्याकाळी मागून पुढे यायची आणि आम्हाला अर्थ सांगायची. मी भाजीवाल्याशी गुजरातीत बोलतो ते तिथलंच.

कोपऱ्यावरची_खोली

@खाडिलकर_रोड, हे घालायलाच हवं. एरवी मागे बसणारं पात्र पुढे येतं, लेखकाला अजून काय पाहिजे!

गच्चीवरचा_अँटेना

तांत्रिक एक. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं, पण तुझ्या चाळीत तो सेट बहुधा कृष्णधवलच ठेव. क्राऊन, वेस्टन, डायनोरा, काहीही चालेल. लाकडी पेटी, सरकती दारं. काचेपुढे निळी प्लास्टिकची काच लावायचे. खिडकीतून बाहेर पडणारा उजेड निळसर दाखवायला प्रकाशयोजनाकाराला तेवढं निमित्त पुरे.

तिसरी_घंटा

लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न: शीर्षकसंगीत वापरायला परवानगी लागेल ना? स्पर्धेचा प्रयोग आहे, बजेट शून्य.

कोपऱ्यावरची_खोली

संगीताचे हक्क कुणाचे ना कुणाचे असतातच, आयोजकांना आधी विचार. पण खरं सांगू, तुला त्याची गरज कमी आहे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये निवेदिका यायची. साडी, केसात फूल, आणि आता पुढे काय बघणार आहोत ते शांतपणे सांगायची. ते निवेदन तू स्वतः लिही आणि एखाद्या चांगल्या आवाजाच्या मुलीला विंगेत उभी कर. घाईने बोलायला लावू नकोस, त्या कधीच घाईत नसायच्या. शिवाय ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. ती पाटी दिसणार नाही, म्हणून आवाज एकदम बंद कर आणि आतून सगळ्यांना एका सुरात “व्यत्यय!” असं ओरडायला लाव. किती वेळ ताणायचं ते दिग्दर्शकाने ठरवावं. आमच्याकडे कधी कधी अख्खा चहा व्हायचा.

आणि प्रयोग कुठे, कधी ते इथेच टाक. गिरगावात असेल तर आम्ही दोघी बहिणी येऊ.