जुने लेगो पायरेट्स संग्रहालयात मांडताना: उजेड, शिडं, पिवळे पडलेले ठोकळे

निळा_कोट:

इंग्लंडमधल्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या लेगो पायरेट्सचं (लेगोच्या समुद्री चाच्यांच्या सेटचं) प्रदर्शन आहे. १७ आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, रोज ८ तास उघडं. मांडणी माझ्याकडे आहे. सगळे सेट संग्राहकांकडून उसने आणलेले:

६२८५ ब्लॅक सीज बाराकुडा, ६२७४ कॅरिबियन क्लिपर, ६२७६ एल्डोराडो फोर्ट्रेस, ६२७० फॉरबिडन आयलंड (हे चारही १९८९चे), ६२७७ इम्पीरियल ट्रेडिंग पोस्ट (१९९२) आणि ६२८६ स्कल्स आय स्कूनर (१९९३).

अडलंय ते असं. सगळं एकाच मोठ्या पेटीत बसवावं का? समुद्र कशाचा करावा? निळं रेक्झिन अंथरून वर काचेचे तुकडे टाकायचा विचार होता. किल्ल्याच्या पांढऱ्या भिंती एका बाजूने चहासारख्या पिवळ्या झाल्यात, त्या हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळाव्यात का? आणि कापडी शिडांना घड्या पडल्यात, इस्त्री चालेल का?

डोलकाठी:

एका पेटीत कोंबू नका. दोन पेट्या करा, एकीत १९८९चे चार सेट, दुसरीत १९९२-९३चे दोन. जागेचा प्रश्न सुटतोच, शिवाय पाहणाऱ्याला न सांगता कळतं की मधल्या तीन वर्षांत शिपायांचे कोट निळ्याचे लाल झाले.

माप स्टडवरून (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांवरून) काढा. एका स्टडची जागा ८ मिमी, म्हणजे ३२×३२ स्टडची बेसप्लेट (खालची पायाची प्लेट) २५.६ सेमी. पहिल्या पेटीत ४×३ अशा १२ प्लेट घ्या: १०२.४ × ७६.८ सेमी. चारही बाजूंनी १० सेमी मोकळे ठेवले की पेटी आतून साधारण १२३ × ९७. किल्ला आणि बेट प्रत्येकी एक प्लेट खातात, उरलेल्या दहांवर दोन गलबतं. ती प्लेटच्या रेषेला समांतर लावू नका, तिरकी लावा. समांतर लावली की ताफा वाटत नाही, पार्किंग वाटतं. गलबताची लांबी मोजताना पुढे आलेली नाळेची काठी धरा. ती विसरल्यामुळेच काच बसवताना रडारड होते. आधी वर्तमानपत्राचे कागद गलबतांच्या आकारात कापून टेबलावर सरकवून बघा.

बेसप्लेट एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि काठ किंचित वर-खाली असतात. खाली १८ मिमीचा सपाट प्लायवूड घ्या आणि दोन प्लेटच्या सांध्यावर दर ८-१० स्टडला एक २×४ची पातळ प्लेट पुलासारखी दाबा. ती समुद्राचाच भाग दिसते.

समुद्र पूर्ण भरायच्या फंदात पडू नका. एका ३२×३२वर १०२४ स्टड, १२ प्लेटचे १२,२८८. एवढे एका स्टडचे (१×१) गोल तुकडे विकत घेण्यात पैसाही जातो आणि ते बसवणाऱ्याची बोटंही. एक तृतीयांश पुरतं: गलबताच्या कडेने, किनाऱ्याला आणि गलबताच्या मागे पडणाऱ्या पाण्याच्या रेषेत. पारदर्शक निळे ७० टक्के, पारदर्शक फिके निळे २० आणि पांढरे १०. पांढरे फक्त नाळेपाशी आणि खडकाला लागून. सगळीकडे सारखे पेरले की समुद्र गोवराच्या पुरळासारखा दिसतो.

गलबताखालच्या स्टडवर गुळगुळीत टाइल लावा आणि भोवती टाइलपेक्षा एक प्लेट (३.२ मिमी) उंच कुंपण घाला. गलबत त्या खोबणीत नुसतं बसतं, सरकत नाही, आणि काढायची वेळ आली तर सरळ वर उचलता येतं. पाण्यात थोडं बुडाल्यासारखंही दिसतं.

उचलताना डोलकाठीला किंवा कठड्याला हात लावायचा नाही. दोन्ही तळवे तळाखाली, एक पुढच्या तुकड्याखाली, एक मागच्या. या गलबतांचा सांगाडा वेगवेगळ्या मोठ्या तुकड्यांचा असतो आणि ते वरून बसवलेल्या ठोकळ्यांनी एकत्र धरलेले असतात. मधूनच उचललं की सांधा उघडतो आणि तोफांसकट डेक खाली येतो.

कागदी_होडी:

रेक्झिन अजिबात नको. ते मऊ पीव्हीसी असतं आणि त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं. लेगोचे ठोकळे १९६३पासून एबीएस प्लास्टिकचे आहेत, आणि हे द्रव्य एबीएसला चिकट आणि मऊ करतं. चार महिन्यांनी प्लेट उचलाल तेव्हा तळाला चिकट डाग असतील आणि ते निघणार नाहीत. त्याच कारणासाठी मिनिफिगर (लेगोच्या छोट्या बाहुल्या) उभ्या करायला निळी चिकटमाती नको, रबरबँड नको, मऊ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. बाहुली स्टडवर उभी राहते, तिला आणखी काही लागत नाही. काचेच्या तुकड्यांचीही गरज नाही, ते ओरखडे पाडतात.

उजेडाचा हिशेब आधी करा, दिवे नंतर घ्या. तुमचे तास ८ × ६ × १७ = ८१६. रंगीत कापडासाठी संग्रहालयं ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) धरतात. तसं केलंत तर एकूण ४०,८०० लक्स-तास होतात. दुकानासारखे २०० लक्स ठेवले तर १,६३,२००. नाजूक रंगांना वर्षभरासाठी जो १,५०,००० लक्स-तासांचा कोटा धरायची पद्धत आहे, तो चार महिन्यांतच ओलांडला जातो. बाराकुडाच्या शिडांवरचे लाल पट्टे याचे पहिले बळी. खोलीच अंधुक ठेवा, म्हणजे ५० लक्सही पुरेसे वाटतात. दिवे एलईडी, पेटीच्या बाहेर. खिडकीतलं ऊन दिवसातून अर्धा तास जरी पेटीवर येत असेल तर पेटीची जागा बदला, पडद्याच्या भरवशावर राहू नका.

पेटीचं झाकण काचेचं मिळालं तर उत्तम. अॅक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज जमते आणि धूळ ओढली जाते. अॅक्रिलिकच असेल तर ओलसर मऊ कापडाने टिपा, कोरड्याने घासू नका.

शिडं: इस्त्री नको. कापडाला कडक ठेवणारा लेप असतो आणि छपाई वरच्यावर बसलेली असते. दोन स्वच्छ शोषकागदांमध्ये शीड सपाट ठेवा, वर काच, काचेवर दोन पुस्तकं, एक आठवडा. घडी पूर्ण जाणार नाही, पण लांबून दिसणार नाही एवढी बसेल. धुवायचं तर मुळीच नाही, धुतलं की लेप जातो आणि शीड पंचासारखं लोंबतं. भोकांच्या कडा उसवल्या असतील तर सुटलेला धागा ओढू नका, कापूही नका. ते शीड मागच्या डोलकाठीवर चढवा, जिथे नजर कमी जाते.

आता पेरॉक्साइड. स्वतःच्या डब्यातल्या ठोकळ्यांवर करा. उसन्या वस्तूवर नाही. कारण नुसती भीती नाही: पिवळेपणा म्हणजे उजेडाने आणि हवेने प्लास्टिकचा वरचा थर बदललेला असतो. पेरॉक्साइड रंग काढतं, बदललेला थर पूर्ववत करत नाही. पिवळेपणा पुढे पुन्हा येऊ शकतो. केस उजळायचं पेरॉक्साइडचं क्रीम वापरलं आणि ते असमान लागलं तर पांढरे ढग उठतात आणि ते कायमचे. छापील ठोकळ्यांवरची छपाईही फिकी होऊ शकते.

निळा_कोट:

रेक्झिन रद्द. पण भिंती एकाच बाजूने पिवळ्या आहेत, आणि नेमकी तीच बाजू प्रेक्षकांकडे येते.

सुटे_पार्ट:

मग उत्तर तुम्हीच दिलंत. उजेड ज्या बाजूला लागला तीच पिवळी झाली. १×२, १×४ असे साधे ठोकळे उलटे फिरवा, आतली बाजू बाहेर. तिथे मूळ पांढरा रंग शाबूत असतो. पण भिंतीचे मोठे पॅनेल आणि छापील ठोकळे फिरवून चालत नाहीत. ते पिवळेच राहू द्या आणि शक्यतो एका कोपऱ्यात सलग आणा. पांढऱ्यात मधूनच एक पिवळा डोळ्यात खुपतो, सलग पिवळा ऊन लागल्यासारखा दिसतो. फिरवण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या आणि चारही बाजूंचे फोटो काढा. काही संग्राहकांना ठोकळ्यांचा क्रमही जसाच्या तसा हवा असतो.

बदली पार्ट घेताना रंगाची एक खोच आहे. २००३-०४च्या सुमारास लेगोने राखाडी आणि तपकिरी रंग बदलले. नवी राखाडी निळसर आहे, जुनी किंचित पिवळसर-हिरवट. नवी तपकिरी लालसर आहे. १९८९च्या किल्ल्यात एक नवा राखाडी ठोकळा बसवला तर तो भरलेल्या दातासारखा वेगळा दिसतो. विकत घेताना ‘जुना राखाडी’ स्पष्ट मागा आणि दिवसाच्या उजेडात ताडून बघा, पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारखे दिसतात. त्यातून नवी लालसर तपकिरी बऱ्याच वर्षांच्या उत्पादनात ठिसूळ निघाली, क्लिप आणि पातळ प्लेट काढताना कट्कन मोडतात. त्यामुळे तपकिरीत जुनाच पार्ट घ्या.

राखाडी-तपकिरी रंगावरून सेट जुना की नवा हे ओळखायची युक्ती मात्र एका ठिकाणी फसते. बाराकुडा २००२मध्ये १००४० या क्रमांकाने पुन्हा निघाला, म्हणजे रंगबदलाच्या आधीच. राखाडी रंग बघून १९८९चा की २००२चा, हे ठरवता येत नाही. खोका किंवा सूचनापुस्तिका बघितल्याशिवाय पाटीवर ‘१९८९’ लिहू नका.

मांडण्याआधी हे तपासा:

मिनिफिगरचं धड काखेखाली. केसासारखा तडा असतो, बाजूने उजेड टाकला की दिसतो. अशी बाहुली ठेवा, पण तिचा हात फिरवू नका, हातातली तलवार काढूघालू नका.

किल्ल्याची उंचसखल बेसप्लेट. पातळ प्लास्टिक तापवून साच्यावर ओढलेलं असतं, त्यामुळे उताराच्या कोपऱ्यात भिंत फार बारीक असते. खालून पोकळ आहे, म्हणून वरून ठोकळा दाबला की तिथेच तडकते. खाली फोमचा तुकडा कापून आधार द्या, पण कोंबून नव्हे. दाबायचंच तर एक हात आतून लावून.

गलबताच्या दोरखंडाच्या काळ्या जाळ्या. मोडतात त्या टोकाच्या जोडाशी. वाहतुकीत डोलकाठ्या काढणार असाल तर आधी जाळ्या सोडवा, मग काठी. उलट क्रमाने केलं की एक जाळी गेलीच.

तोफा. युरोपात विकलेल्या तोफांत स्प्रिंग असते आणि त्या उडतात, अमेरिकेत विकलेल्या उडत नाहीत. तुमच्याकडे इंग्लंडमधले सेट असतील तर उडणाऱ्या असणार. स्प्रिंग ताणून ठेवू नका. चार महिने दाबून राहिली की कमजोर होते, आणि पेटी हलली तर गोळा काचेवर.

धुणं लागलंच तर पाणी ४० अंशांच्या वर नको, भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, अर्धा तास, मग टॉवेलवर पसरून वाऱ्यावर. ड्रायर नको, ऊन नको, भांडी धुवायचं यंत्र तर नकोच. प्रदर्शन चालू असताना फक्त मऊ मेकअप ब्रश आणि धूळ उडवायचा रबरी फुगा. मिनिफिगरच्या छातीवरची छपाई मायक्रोफायबरने घासली की मिशीवाल्याचा कोट दोन वर्षांत कोरा होतो.

शेवटचं, वजन. प्रत्येक सेट घेताना स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर तोला, पावतीवर लिहा, परत देताना पुन्हा तोला. एक मिनिफिगर साधारण ३ ग्रॅमची, ती गेली तर काटा बोलतो. सोन्याचं नाणं गेलं तर बोलणार नाही, त्यासाठी नाणी वेगळी मोजून लिहा.

कागदी_होडी:

पाट्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पाटीवर तीनच गोष्टी पुरतात: सेटचं नाव, वर्ष, आणि एक नजरेला दाखवणारं वाक्य. उदाहरणार्थ बाराकुडाला: ‘याआधी लेगोच्या सगळ्या माणसांचा चेहरा एकच होता, दोन ठिपके आणि हसू. चाच्यांना पहिल्यांदा दाढी, मिशी, डोळ्यावरची पट्टी मिळाली.’ कॅप्टन रेडबियर्डला लाकडी पाय आणि आकडा आहे, त्याला काचेच्या जवळच्या बाजूला ठेवा. लहान मुलांच्या डोळ्यांची उंची धरून टेबल ७५ सेमीच्या वर नेऊ नका.

आणि पाटीत ‘ब्रिटिश नौदल’ लिहू नका. निळे कोटवाले ‘इम्पीरियल सोल्जर्स’ आहेत, त्यांचा म्होरक्या गव्हर्नर ब्रॉडसाइड, आणि लाल कोटवाले ‘इम्पीरियल गार्ड्स’. देशाचं नाव लेगोने दिलेलं नाही. (आपल्याकडचा कोणी आला तर तो विचारणारच की समुद्री चाचा ठरवतं कोण. सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांनी पायरेटच म्हटलं होतं.)

डोलकाठी:

थोडी भर. मुलांना हात लावायला काही हवं असेल तर जुन्यातलं एकही काढू नका. २०२०चा २१३२२ पायरेट्स ऑफ बाराकुडा बे (२५४५ तुकडे) किंवा २०२३चा १०३२० एल्डोराडो फोर्ट्रेस (२५०९ तुकडे) शेजारच्या उघड्या टेबलावर ठेवा. १०३२० तुमच्या ६२७६चीच नवी आवृत्ती आहे, त्यामुळे काचेतला आणि टेबलावरचा किल्ला लोक आपोआप ताडून बघतात. टेबलावरच्या सेटचे छोटे तुकडे रोज चार-दोन जाणारच, १×१ची एक वाटी जादा भरून ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गिळण्याच्या धोक्याची पाटी टेबलावरच लावा, दारावर कोणी वाचत नाही.

निळा_कोट:

दोन पेट्या ठरल्या. प्लायवूड ताजा कापून रंगवणार आहोत, लगेच वापरला तर चालेल?

कागदी_होडी:

नाही. रंग आणि प्लायवूडचा गोंद दोन्हींतून वाफ येत राहते आणि बंद पेटीत ती कोंडते. रंगवून किमान तीन-चार आठवडे उघड्या हवेत ठेवा. नाक पेटीत घालून वास येत असेल तर अजून थांबा. एबीएसला त्याचा त्रास थोडा, पण तोफेतल्या स्प्रिंगला आणि शिडांच्या कापडाला जास्त.

सुटे_पार्ट:

आणि पेटी बंद करायच्या आधी मागच्या बाजूला हात जाईल एवढं झाकण ठेवा. पहिल्याच आठवड्यात लेगोचं माकड डोलकाठीवरून खाली पडतं आणि ते उचलायला अख्खी काच काढावी लागते.