फॉलआउटच्या वेळी शेवटचा मजला बरा की पार्किंग?

घोडबंदरकर: ठाण्यात १४ मजली टॉवर, आमचा फ्लॅट सगळ्यात वर. खाली उघडा स्टिल्ट, त्यावर पोडियम. अणुस्फोटानंतर फॉलआउट (खाली पडणारी किरणोत्सारी धूळ) आला तर अंगाला लागणारा डोस कशावर ठरतो? वरच थांबायचं की पार्किंगमध्ये उतरायचं? आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवू?

स्लॅबमास्तर: दोन्ही नको, सातवा-आठवा मजला गाठा. ही वाळूसारखी धूळ गच्चीवर आणि जमिनीवर बसते, तिथून गॅमा किरण येतात. तुमच्या डोक्यावर एकच स्लॅब आहे. स्टिल्टला तर भिंतीच नाहीत, धूळ थेट आत. पोडियमला लागून असलेल्या फ्लॅटची 'जमीन' म्हणजे पोडियमच, तोही मजला सोडा. शेजारच्या बुटक्या इमारतीची गच्ची खिडकीसमोर येत असेल तर तसंच.

साधारण ६ सेंमी काँक्रीटमागे गॅमा निम्मा होतो. १२.५ सेंमीच्या एका स्लॅबमधून चौथा हिस्सा येतो, दोनांतून सोळावा. भिंत कशाची ते बिल्डरच्या नकाशात बघा. मायव्हनची (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) १६ सेंमी आरसीसी भिंत सहावा हिस्सा सोडते. एएसी ब्लॉक (सच्छिद्र सिमेंटची वीट) हलका, १५ सेंमीतूनही दोन तृतीयांश आरपार. काच धरूच नका. थांबायचं ते लिफ्टसमोरच्या बंदिस्त लॉबीत किंवा मधल्या पॅसेजमध्ये.

गॅमा_गणित: वरच्या उत्तरात वेळेचा मुद्दा राहिला. स्फोटापासूनचा वेळ ७ पट झाला की डोसरेट १० पट उतरतो. पहिल्या तासाला ताशी १००० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) असेल तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १०. त्या ४८ तासांची उघड्यावरची बेरीज सुमारे २७००. ४० पट आडोसा मिळाला तर ६८. जिवावर बेततं ते पहिल्याच दिवशी दूध आणायला खाली उतरणं.

घोडबंदरकर: पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो. म्हणजे धूळ घाटाकडे जाणार ना?

गॅमा_गणित: खालचा वारा नैऋत्येचा, १५ किमी उंचीच्या आसपास तो पूर्वेकडून वाहतो. ढग किती उंच गेला त्यावर दिशा ठरते. पाऊस धूळ आणखी लवकर खाली आणतो आणि गच्चीच्या पाइपच्या जाळीशी साठवतो.

स्फोटाची उंचीही बघावी लागते. हिरोशिमात स्फोट सुमारे ६०० मीटरवर झाला, आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, जवळपास धूळ कमी पडली. १९५४ चा कॅसल ब्राव्हो हा अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्बचा चाचणीस्फोट जमिनीलगतचा. त्याची राख दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या राँगेलाप या पॅसिफिकमधल्या बेटावर पडली.

स्लॅबमास्तर: गोळीचं राहिलं. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइड वाचवतं, तेही श्वासातून-दुधातून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ पासून. बाहेरच्या गॅमावर उपयोग शून्य. प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नका, आणि बेटाडीन पिणं तर अजिबात नको.

बाहेरून कुणी आलं तर वरचे कपडे दाराबाहेरच उतरवून पिशवीत बांधा, बरीचशी धूळ तिथेच जाते. मग साबण, शांपू. कंडिशनर नको, धूळ केसांना चिकटून राहते. एसी, एग्झॉस्ट बंद.