सोलापुरात सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं), आग विझवणं वगैरे हातानं करून शिकायला कुठं मिळतंय?

होटगीरोडचा_बाळ्या

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात एका लग्नात पंगतीला बसलेले एक काका खुर्चीवरनं सरकत खाली आले. झालं, पन्नास माणसं गोळा. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, दुसरा चप्पल हुंगवायला पुढं, एकजण तोंडात तांब्याच ओतायला लागला आणि बाकीचे मोबाईल काढून शूटिंग. शेवटी नवरीकडची एक पोरगी, नर्सिंगला आहे म्हणे, तिनं सगळ्यांना मागं सारलं, काका बोलतात का, गिळतात का बघितलं आणि घोट घोट सरबत पाजलं. शुगर उतरली होती. थोड्या वेळानं काका उठून बसले आणि जिलेबी मागायला लागले, ते वेगळंच.

माझा प्रश्न सरळ आहे. आपल्यासारख्या साध्या माणसानं, म्हणजे ना डॉक्टर ना फायरब्रिगेडवाला, हे सगळं शिकायचं कुठं आणि आधी काय शिकायचं? यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ बघितले पण बघताना सगळं सोपं वाटतंय आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात काही राहत नाही. नुसते व्हिडिओ बघून चालतंय का?

सिस्टर_ताई

नाही चालत. वीस वर्षं वॉर्डात काढल्यात म्हणून सांगते, सीपीआर ही डोक्यात ठेवायची गोष्टच नाही, ती हातात बसावी लागते. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची असं ऐकायला ठीक आहे पण पहिल्यांदा सरावाच्या पुतळ्यावर दाबायला लावलं की सगळे भीतभीत दोन-तीन सेंटीमीटरच दाबतात, आणि वेग मिनिटाला १०० ते १२० पाहिजे तो कुणाचा धड साठ पण होत नाही तर कुणाचा दीडशेवर जातो. दोन मिनिटात दंड भरून येतात, म्हणून माणसं आलटून पालटून लागतात. हे व्हिडिओत कळत नाही.

आणखी एक, जे सगळे चुकतात. माणूस पडला, हाक मारली, खांदे हलवले, प्रतिसाद नाही. आता श्वास बघायचा, दहा सेकंदाच्या आत. कधीकधी मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं तोंड उघडून मधूनच आचके येतात, त्याला लोक म्हणतात "अरे श्वास चालू आहे की" आणि थांबून राहतात. तो श्वास नाही!! १०८ ला फोन स्पीकरवर लावायचा आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरू करायचं. गादीवर असेल तर खाली फरशीवर घ्या, गादीवर तुम्ही गादीच दाबत बसता.

लग्नातल्या पोरीनं बरोबर केलं. शुद्धीत आहे, गिळता येतंय तर साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, काही म्हणजे काही घालायचं नाही, फुफ्फुसात जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. कांदा भजीला ठेवा.

कुठं शिकायचं म्हणाल तर सिव्हिलला आपलं वैशंपायन मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या भूलशास्त्र विभागाला तुमच्या सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर लेखी विनंती द्या. एकट्यानं जाऊन विचारण्यापेक्षा पंधरावीस जणांचा ग्रुप करून गेलं की लोक मनावर घेतात. भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सामान्य लोकांसाठी नुसतं छाती दाबायचं, तोंडानं श्वास न देण्याचं सोपं ट्रेनिंग बसवलेलं आहे, तेच मागा.

लूमवाला

ताईंनी सांगितलं ते बरोबर पण सोलापुरात राहून आगीचं नाही शिकलं तर काय उपयोग. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागून ८ जीव गेले, मालकाच्या घरचे पण आणि कामगार पण. तेव्हापासून मी ज्या ज्या कारखान्यात जातो तिथं पहिल्यांदा बाहेर पडायचे दरवाजे मोजतो, बायको हसती पण मी मोजतो. लय ठिकाणी एकच शटर, आणि मागचा दरवाजा असला तरी त्याच्या पुढं सुताच्या कोनांच्या गोण्या रचलेल्या. कापसाचा धुरळा लूमवर, पंख्यावर, ट्यूबलाइटवर साचलेला असतो, एक ठिणगी पडली की भर्रकन पेटत जातंय.

ते लाल सिलेंडर भिंतीला लावलेले असतात ना, त्याच्यावर घड्याळासारखा काटा असतो, तो हिरव्यात आहे का एवढं तरी बघा. पिन उपटायची, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडं फिरवायची. छोटं पावडरचं सिलेंडर पंधरावीस सेकंदात संपतंय बरं का, म्हणून आधी आपली पाठ दाराकडं आहे का बघायचं, तेवढ्यात विझली नाही तर सोडून बाहेर पळायचं आणि १०१ लावायचा. धूर भरला तर वाकून, वेळ आली तर रांगत. हवा खाली असती.

घरात गॅसचा वास आला तर लाईटचं बटन चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी नको, गॅस बंद करून वर झाकण.

पूर्वभागकर

हे सगळं ठीकय बे पण रस्त्यावर ॲक्सिडेंट झालेल्याला उचलायला कोण जाणार? मग पोलीस स्टेशन, जबाब, कोर्टाच्या तारखा. त्यात दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न तुम्ही कोण आणि पैसे कोण भरणार.

सिस्टर_ताई

@पूर्वभागकर हे जुनं झालं आता. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिलाय, आणि २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४ ए कलम घातलंय. चांगल्या मनानं मदत केली तर तुमच्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे पण तुमच्यावर. दवाखान्यानं तुम्हाला अडवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. तरी कुणी त्रास दिला तर कायद्याचं नाव घ्या, आवाज आपोआप खाली येतो.

उचलायची घाई मात्र करू नका. रक्त वाहतंय तिथं स्वच्छ रुमाल, टॉवेल, ओढणी जे असेल ते घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला काढून बघू नका. मान-पाठीला लागल्याची शंका असेल आणि गाडी पेटायचा वगैरे धोका नसेल तर अँब्युलन्स येईस्तोवर हलवू नका.

सीनाकाठ

तुमचं शहराचं झालं. आमच्याकडं मोहोळ तालुक्यात विहीर हाय, कॅनॉल हाय, नदी हाय. पोरगं बुडतंय म्हणून बाप उडी मारतो, बापाला धरायला चुलता, अन एकाच्या जागी तिघं जातेत, पेपरात दर उन्हाळ्यात वाचतोच की आपण. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो, पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला खाली नेतो. म्हणून उडी शेवटी. आधी चऱ्हाट टाका, ट्रॅक्टरची ट्यूब टाका, रिकामं झाकण लावलेलं कॅन टाका, काही नसलं तर दोन धोतरं गाठ मारून टाका. प्रत्येक विहिरीला एक चऱ्हाट अन ट्यूब बांधून ठेवली तर काय बिघडतंय? मोटरीला ३० हजार घालतो आपण.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसतेत आमच्याकडं. ताई त्याच्यावर जरा लिव्हा.

अन २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तवा लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, माढा-मोहोळची गावं पाण्यात गेली. तवा कळलं की पहिल्यांदा करायचं काम म्हणजे जनावरांची दावी सोडायची. बांधलेली जनावरं जाग्यावर मेली, सोडलेली बरीच पोहून चढाला लागली. सातबारा, आधार, पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आढ्याला. जिल्ह्याचा कंट्रोल रूमचा नंबर १०७७, पाठ करून ठिवा.

सिस्टर_ताई

@सीनाकाठ दादा, पोट अजिबात दाबायचं नाही, पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत जातं, आणि त्यात वेळ जातो तो वेगळाच. श्वास नसेल तर लगेच सीपीआर. बुडालेल्याच्या बाबतीत एक फरक आहे, इथं मूळ अडचण हवेची असती, म्हणून ज्याला तोंडानं श्वास द्यायला शिकवलंय त्यानं आधी श्वास द्यावेत. ज्याला येत नाही त्यानं नुसतं छाती दाबावी, काहीच न करण्यापेक्षा केव्हाही बरं.

उन्हाचं कुणीच काढलं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो. अंग तापलंय, माणूस बरळायला लागलाय म्हणजे उष्माघात धरूनच चाला. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला, १०८ येईपर्यंत हे चालूच ठेवा. तापाच्या गोळीचा इथं उपयोग नाही.

होटगीरोडचा_बाळ्या

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अजून एक कळलं ते टाकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपदा मित्र म्हणून योजना आहे, १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं ट्रेनिंग, पूर-आग-प्रथमोपचार सगळं. पुढची बॅच कधी ते कलेक्टर ऑफिसातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारायचं. मी चाळीशी ओलांडली, पण भाच्याला पाठवतोय. तोपर्यंत आमच्या अपार्टमेंटचं लेटरहेड घेऊन मी मेडिकल कॉलेजला जातो. सध्या तयार झालेत १८ जण. ताई, एवढे चालतील का? बायका पण येणार आहेत.

सिस्टर_ताई

पुतळा एकच असेल तर दोन बॅच करा, नाहीतर निम्मे लोक लांबनं बघून घरी जातात आणि मग ते व्हिडिओच झालं. बायकांना आधीच सांगा, गुडघ्यावर बसून करायचं असतं, साडीपेक्षा पंजाबी ड्रेस घाला. आणि वॉचमनला पहिल्या बॅचला घ्या, दिवसभर बिल्डिंगमध्ये तोच असतो.