निक्सनला माफी द्यायला नको होती

रानवारा:
१९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी झाली, आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी तिचा तपास दडपायला बघितलं. हे वॉटरगेट प्रकरण म्हटलं की लोकांना ते उघडं करणारे पत्रकार आठवतात. मला आठवतो ८ सप्टेंबर १९७४ चा रविवार. निक्सनच्या राजीनाम्याला जेमतेम महिना झाला होता, आणि त्याच्या जागी अध्यक्ष झालेल्या फोर्डनी त्याला सरसकट माफी देऊन टाकली. २० जानेवारी १९६९ पासून ९ ऑगस्ट १९७४ पर्यंत केलेल्या, किंवा केले असतील त्या सगळ्या गुन्ह्यांसाठी! आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. हाल्डमन आणि एर्लिकमन हे निक्सनचे उजवे-डावे हात मात्र दीड-दीड वर्ष तुरुंगात होते. हुकूम पाळणारे आत, ज्याच्यासाठी सगळं केलं तो कॅलिफोर्नियातल्या घरी. हा कुठला न्याय?

खडीसाखर:
अजिबात पटत नाही. तेव्हाची अमेरिका बघा: व्हिएतनाम, महागाई, तेलाची टंचाई. त्यात माजी अध्यक्षावरचा खटला कैक महिने चालला असता आणि फोर्डना दुसरं काही सुचू दिलं नसतं. शिवाय माफी स्वीकारणं म्हणजे गुन्हा मान्य करणं, असं सुप्रीम कोर्टाने १९१५ च्या बर्डिक खटल्यात म्हटलंय. तो उतारा फोर्ड पाकिटात घेऊन फिरायचे. पुढे १९७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कार्टरकडून हरले, त्यात या माफीचा वाटा मोठा होता. स्वतःचं नुकसान दिसत असताना घेतलेला निर्णय होता तो.

रानवारा:
कबुली पाकिटात असून काय उपयोग? निक्सनच्या निवेदनात 'चुका' आहेत, गुन्हा कुठेच नाही. फोर्डच्या स्वतःच्या प्रसिद्धी सचिवाने, टेरहोर्स्टने, त्याच दिवशी राजीनामा दिला.

भरतीओहोटी:
मी खडीसाखर यांच्या बाजूने. खटला नाही झाला, पण यंत्रणा हलली ना! घुसखोरीच्या रात्री वॉटरगेट इमारतीत पायऱ्यांकडच्या दाराच्या कुलपाची जीभ आत राहावी म्हणून कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. रखवालदार फ्रँक विल्सने ती काढली. फेरी मारून आला तर पुन्हा पट्टी! त्याने पोलिसांना फोन केला, पाच जण आत सापडले. तिथपासून २४ जुलै १९७४ च्या सुप्रीम कोर्टाच्या ८-० निकालापर्यंत या. निक्सनच्या कचेरीतल्या बोलण्याच्या ध्वनिफिती द्याच, असं सांगणारा तो निकाल निक्सननेच नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गरनी लिहिला. मग २३ जून १९७२ ची फीत बाहेर आली, सीआयए या गुप्तहेर संस्थेला पुढे करून एफबीआय या तपास यंत्रणेचा तपास थांबवायचं बोलणं असलेली. त्यानंतर त्याचे पक्षवालेही मागे सरले. याहून काय हवं होतं?

रानवारा:
साडेअठरा मिनिटं हवी होती. त्या ध्वनिफितींपैकी एकीवर तेवढा भाग पुसलेला निघाला. निक्सनच्या सेक्रेटरी रोज मेरी वुड्स म्हणाल्या, फोन घेताना पाय यंत्राच्या पेडलवर राहिला. पण त्यांच्या हिशेबात पाचेक मिनिटंच बसतात. बाकीची कुणी पुसली? निक्सनला शपथेवर विचारायलाच हवं होतं.

खडीसाखर:
विचारलं की! जून १९७५ मध्ये ग्रँड ज्युरीसाठी, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी, त्याची ११ तास साक्ष झाली. आणि माफी मिळाली होती म्हणूनच 'स्वतःविरुद्ध बोलणार नाही' ही ढाल त्याला घेता आली नाही. खटला उभा राहिला असता तर त्याने तोंडच उघडलं नसतं.

रानवारा:
साक्ष झाली, मान्य. पण बंद दाराआड. लोकांना ती वाचायला मिळाली २०११ मध्ये, निक्सन जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. उलटतपासणी नाही, पिंजरा नाही. आणि ती चिकटपट्टी काढणारा विल्स? त्याला पुढे धड नोकरी मिळाली नाही, २००० साली हलाखीत गेला. माझा राग तिथे आहे.